आवाज कुठे तुटतो

आमच्या गल्लीत इंटरनेट दुरुस्त करायला येतात त्यांना सगळे खरखरवाले काका म्हणतात. तीस वर्षं ते टेलिफोनचे लाइनमन होते. दारात आले की पहिला प्रश्न ठरलेला, "खरखर आहे का?" मग खांबावर चढायचं, तारेला आपला फोन जोडायचा आणि डोळे मिटून ऐकायचं. ओलाव्याची खरखर वेगळी, सैल सांध्याची वेगळी, उंदराने कुरतडलेल्या तारेची त्याहून वेगळी. खाली उतरेपर्यंत त्यांना दुखणं कळलेलं असे.

ते फोन घराघरांतून गेले. आता काका इंटरनेट कंपनीचा टी-शर्ट घालून येतात. तो त्यांना खांद्यांवर सैल आणि पोटावर घट्ट होतो. वायफायमध्ये मात्र ऐकण्यासारखं काही नसतं. त्यांच्या ऑफिसातली मुलं मोबाइलवर रेंजच्या दांड्या बघतात आणि निघतात. "दांड्या मलाही दिसतात," काका म्हणतात, "पण दांड्या बोलत नाहीत."

म्हणून त्यांनी स्वतःची एक रीत काढली आहे. मोबाइलचं नेट बंद करून तो घरच्या वायफायला जोडायचा, त्यावरून बायकोला कॉल लावायचा आणि तिला बोलतं ठेवून घरभर हिंडायचं. आवाज तुटेल तिथे रोग. काकूंना उगाच बोलत राहणं जमेना. त्या दिवसभर लोकरीचं विणकाम करतात, तेव्हा टाकेच मोठ्याने म्हणू लागल्या. दोन सुलट, एक उलट. दोन सुलट, एक उलट. एखादा टाका गाळला गेला की काका तिथे थबकतात.

आमच्याकडे ते आले तेव्हा शनिवारचे तीन वाजले होते आणि पाच वाजता आत्याचा वर्ग होता.

माझी आत्या अडखळत बोलणाऱ्यांना बोलायला शिकवते. आधी बाजारपेठेत तिची खोली होती. गेल्या महिन्यात ती सोडून तिने सामान घरी आणलं आणि आता ती लॅपटॉपवरून शिकवते. मंगळवारी एक तरुण शिक्षक तिच्यासमोर सराव करत होता. मध्येच तो गप्प झाला. आत्या मायेने म्हणाली, "असू दे, घाई नाही. पुन्हा सुरू कर." प्रत्यक्षात तो अडखळलाच नव्हता. अडली होती लाइन. कित्येक आठवड्यांनी त्याच्या तोंडून एक वाक्य सलग निघालं होतं आणि आत्याने नेमकं तेच त्याला पुन्हा म्हणायला लावलं. रात्री त्याचा निरोप आला, मी सलग म्हटलं तरी पुन्हा म्हणायला लावलंत, शनिवारी शेवटचं येतो. सोमवारी त्याला पहिल्यांदा वर्गावर उभं राहायचं होतं.

"त्याचं थांबणं कुठलं आणि लाइनचं कुठलं हेच मला कळत नसेल, तर मी शिकवू काय?" आत्या काकांना म्हणाली. "तुम्ही आठवड्यापूर्वी राउटर बदललात. मी दहा वेळा बंद-चालू केला. आता काय उरलं?"

काकांनी पिशवी खाली ठेवली. "चूक माझी आहे, ताई. त्या दिवशी आमची ही बहिणीकडे गेली होती. मी नुसत्या दांड्या बघितल्या. त्याही खिडकीपाशी उभा राहून. तिथे उजेड बरा होता."

आधी त्यांनी राउटरला थेट वायर लावून लॅपटॉप चालवून पाहिला. वाऱ्यासारखा चालला. "म्हणजे बाहेरची लाइन ठीक आहे. घोळ घरातल्या हवेत." मग त्यांनी कॉल लावला.

"अगं, सुरू कर."

"चाळीस वर्षं मी बोलतेय तेव्हा लक्ष नव्हतं," स्पीकरवरून काकू म्हणाल्या. "आता लोकांच्या घरी जाऊन कान देताय. दोन सुलट, एक उलट. दोन सुलट, एक उलट."

हॉलमध्ये टाके स्वच्छ येत होते. बोळात स्वच्छ. आत्याच्या खोलीच्या दारातही. काका तिच्या टेबलापाशी गेले आणि काकू तुटल्या. दोन सु... उलट... लट. ते खिडकीकडे सरकले. काकू पुन्हा सलग.

"राउटर भिंतीच्या पलीकडे, या टेबलाला टेकल्यासारखा," काका म्हणाले. "इथे ऐकू येत नाही आणि तिकडे लांब खिडकीत येतं. हे कसं?"

"जवळच्यांचं ऐकू येत नाहीच तुम्हाला," काकू म्हणाल्या.

काकांनी मान वर केली. टेबलामागे आत्याचा आरसा होता, माणसाएवढा उंच. त्यात बघून तिचे विद्यार्थी ओठ कसे मिटायचे, जीभ कुठे टेकवायची ते शिकायचे. बाजारपेठेतून आणून तिने तो स्वतःच्या हाताने या भिंतीवर लावला होता.

"आरशाचं काय त्यात?" आत्याने विचारलं.

"काचेचं काही नाही. मागचा मुलामा धातूचा असतो. राउटरचा सिग्नल भिंतीतून येतो आणि त्याला धडकून परत जातो. खिडकीपर्यंत तो दारातून वळसा घेऊन पोचतो. टेबल मात्र आरशाच्या सावलीत."

आत्या थोडा वेळ आरशातल्या स्वतःकडे बघत राहिली. मग तिने एक बाजू धरली. मी आणि काकांनी दुसरी. आरसा समोरच्या भिंतीला टेकवला आणि काका पुन्हा टेबलापाशी उभे राहिले. दोन सुलट, एक उलट. बारा ओळी झाल्या, एकही टाका गळला नाही.

"झालं तर," काका म्हणाले, पण निघाले नाहीत. "पाचला बघूनच जातो."

पाच वाजता ते हॉलमध्ये चहा घेऊन बसले. मी आत्याच्या खोलीच्या दारात होते. तो शिक्षक सोमवारचा धडा मोठ्याने वाचू लागला. दुसऱ्या परिच्छेदात आवाज थांबला. हॉलमध्ये काकांनी कप ठेवला आणि ते अर्धे उठले.

आत्या लॅपटॉपच्या स्क्रीनकडे बघत होती. त्या शिक्षकाच्या मागचा खिडकीचा पडदा हलत होता. त्याचे ओठ थरथरत होते. लाइन चालू होती. हे थांबणं त्याचंच होतं. हात मांडीवर ठेवून आत्या वाट बघत राहिली. मी काकांना हाताने बसायची खूण केली.

मग तो शब्द आला आणि त्यामागून अख्खा परिच्छेद.

"मंगळवारी तू थांबला नव्हतास," शेवटी आत्या त्याला म्हणाली. "माझी लाइन थांबली होती. ते वाक्य चांगलं होतं."

तो हसला. "मग... पुढच्या मंगळवारी हीच वेळ?"

"हीच."

हॉलमध्ये काका घरी फोन लावत होते. "अगं, जमलं."

"तुमचं जमलं," पलीकडून आवाज आला. "तुम्हाला ऐकवता ऐकवता माझी बाही बोटभर जास्त झाली. आता येऊन उसवायला बसा."

"आलोच," म्हणत काकांनी उरलेला चहा सावकाश संपवला.