सतरा वर्षं सतरंजीवर

शिरूर कासार तालुक्यातल्या त्या वाडीत ख्रिस्ती घरं अकरा. चर्च म्हणजे पत्र्याची एक खोली. महिन्यातून एका रविवारी बीडहून पाळकसाहेब येतात आणि प्रभुभोजन देतात. माणसं एकेक करून पुढं जातात, भाकरीचा तुकडा घेतात, प्याल्याला ओठ लावतात. केसरबाई उठत नाही. पदर डोक्यावर ओढून ती सतरंजीच्या एका टोकाला बसून राहते. दुसऱ्या टोकाला तिची धाकटी जाऊ बायनाबाई, तीही तशीच.

कुणाशी अबोला असेल तर प्रभूच्या मेजाकडं जायचं नाही, ही त्या मंडळीची रीत. दोघींच्या अबोल्याचं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. बायनाबाईची स्वप्नाली दोन वर्षांची असताना माजलगावकडं ऊसतोडीला गेले होते सगळे. केसरबाई तापानं फणफणलेली, म्हणून पाचटाच्या कोपीत मागं राहिली आणि लेकरू तिच्या स्वाधीन. चुलीवरचं उकळतं पाणी पोरीच्या अंगावर पडलं. मानेपासून खांद्यापर्यंत कातडी सोलली. "पोरीनंच पातेलं वढलं," केसरबाईनं सांगितलं. बायनाबाई त्या दिवसापासून तिच्याशी बोलली नाही.

पातेलं पोरीनं ओढलं नव्हतं. तापानं हात कापत होते, उचलताना ते केसरबाईच्याच हातून निसटलं होतं. पोरगी खाली बसून उसाचं कांडं चोखत होती.

हे कुणालाच माहीत नव्हतं. केसरबाई सतरा वर्षं भाकरीविना बसली आणि आपण फेडतो आहोत असं समजत राहिली.

यंदा उपकारस्तुतीच्या सणाच्या आदल्या दिवशी पाळकसाहेब तिच्या ओसरीवर जेवायला बसले. जेवताना त्यांनी विचारलं, "केसरबाई, तुम्ही उठत का नाही?"

"शिक्षा हाय ती, साहेब. मीच लावून घेतली."

"भोगताय ना? मग त्या शिक्षेनं बायनाबाईच्या घरात काय बदललं?"

तिनं त्यांच्या ताटात भाकरी वाढली आणि चुलीकडं तोंड करून बसली. तिला हापशावरचा एक दिवस आठवत होता. नव्या सुनांपैकी कुणीतरी स्वप्नालीला गळ्याच्या डागाचं विचारलं होतं. पोरगी हसून म्हणाली होती, "म्या लहानपनी लई खोडील होते. माझ्याच हातानं करून घेतलं."

रविवारी लोकांनी शेतातलं पहिलं पीक आणलं. बाजरीची कणसं, दोन भोपळे, पाय बांधलेली कोंबडी. केसरबाई सुपात मूग घेऊन आली. पण निम्मी सतरंजी रिकामी होती. ऊसतोडीचा ट्रॅक्टर ठरल्यापेक्षा एक दिवस आधीच आला होता आणि वेशीजवळ टोळीची बिऱ्हाडं चढत होती. त्यात बायनाबाईचंही होतं. आता गाठ पडली तर सहा महिन्यांनी.

पाळकसाहेब बोलत होते. येशूच्या मागं जायचं म्हणजे अर्पण वेदीपाशी ठेवून आधी दुखावलेल्या माणसाच्या दारात जायचं, असं काहीतरी. केसरबाई उठली. सूप वेदीपुढं ठेवलं. सगळ्यांना वाटलं, परत येऊन बसेल. ती दाराबाहेर पडली आणि दुखऱ्या गुडघ्यांनी वेशीकडं जवळजवळ पळत सुटली.

"अगं मोठी माय, परार्थना सोडून कुठं?" पप्पू मुकादम ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून हसला. "तुला कोयता झेपंल व्हय आता? बस जागेवर!"

"तू गप रे. दोन मिन्टं दे."

ट्रॉलीत भांड्यांच्या पोत्यावर बायनाबाई बसली होती. शेजारी स्वप्नाली. केसरबाईनं फळकुटाला धरलं. दम लागला होता.

"बायना, पातेलं पोरीनं न्हाई वढलं. माझ्या हातनं निसटलं. मी खोटं बोलले."

बायनाबाईनं तिच्याकडं बघितलं, सतरा वर्षांत पहिल्यांदा.

"मी मारलंय हिला," ती म्हणाली. आवाज बारीक होता. "दवाखान्यातून आनल्यावर. का वढलं म्हनून. भाजलेल्या लेकराला मारलं मी, जावबाई."

केसरबाईला हे माहीत नव्हतं. तिचा हात फळकुटावरून सुटला. माफ कर, हा शब्द ती वाटभर घोळवत आली होती, तो आता तिला फार लहान वाटला.

"म्हंजी म्या वढलं न्हवतं?" स्वप्नालीनं विचारलं.

"न्हाई बाई. तू ऊस खात व्हतीस."

"नुसतं ऊस खात व्हते," स्वप्नाली आईला म्हणाली, जणू ती बातमी आईलाही पोचवायची होती. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ती हसत होती.

मुकादमानं हॉर्न दाबला. ट्रॉली हलली. स्वप्नाली वाकून ओरडली, "मोठी माय, आमची शेळी इनार हाय दोन दिसांत. शेजारच्या रहेमतबीला सांगितलंय, पर तिचं गुडघं तुझ्यापरीस बी गेलेत. तूच बघ. आन् पानी तापवशील तर जपून!"

ट्रॉलीतल्या बायका हसावं की नाही अशा अडकल्या. बायनाबाई हसली नाही. ट्रॉली वळणावर जाईपर्यंत ती समोर बघत होती. मग मान न वळवताच मोठ्यानं म्हणाली, "ईस्टरच्या आत येतो आमी."

केसरबाई परत आली तेव्हा चर्चपुढं कोंबडीचा लिलाव चालला होता. पाळकसाहेब दारात आले. "तुमची भाकर ठेवलीय बाजूला. या."

"न्हाई साहेब, आज न्हाई." तिनं पदरानं तोंड पुसलं. "बायना येऊ द्या. दोघी संगं उठू. न्हाई उठली तर मी बी बसन, पर आता तिच्या शेजारी बसन."

"आणि आता कुठं चाललात?"

"शेळीकडं," ती म्हणाली आणि बायनाबाईच्या कुडाच्या घराकडं वळली. त्या अंगणात तिनं सतरा वर्षं पाय ठेवला नव्हता. शेळी दाव्याला उभी होती, जड झालेली. केसरबाई खाली बसली आणि तिच्या पोटावर हात ठेवून आत हालचाल लागते का ते बघू लागली.