भिंत वाजली तेव्हा

आमच्या वस्तीत त्याला खऱ्या नावानं कुणी हाक मारत नाही. तो बेअरिंग. वॉशिंग मशीन दुरुस्त करतो. मशीनच्या पत्र्याला कान लावतो, डोळे मिटतो आणि निकाल देतो, "बेअरिंग गेलंय." बहुतेक वेळा ते गेलेलंच असतं. नसतं तेव्हाही तो तेच म्हणतो, म्हणून हे नाव.

मी त्याला भाऊ म्हणते. सख्खा नव्हे. भाडेकरूंच्या मोर्चात पोलिसांनी आम्हाला एकाच गाडीत कोंबलं, तेव्हापासूनचा.

ह्या माणसाला जंगलचं वेड. झाडाझुडपांचं नव्हे, त्या नावाच्या संगीताचं. ड्रम अँड बेस म्हणतात ना, त्याच्या आधीचा हा प्रकार. वर ड्रम असे, की जिन्यावरून पोरांची झुंड सुटलीय. खाली बेस असा, की वडीलधारं माणूस हात मागे बांधून येरझारा घालतंय. मशीनमध्ये खिशातलं नाणं अडकलं की असाच ठेका निघतो, भाऊ सांगतो, तिथंच आपण फसलो.

रविवारी दुपारी बाजाराच्या तळघरात, जिथं आमच्या सभा होतात तिथंच, तो रेकॉर्ड वाजवायचा. एक रेकॉर्ड लोक ऐकतात, दुसरी फक्त त्याच्या हेडफोनात. दुसरीचा वेग पहिलीशी जुळवायचा आणि कुणाच्या लक्षात न येता तिला आत सोडायचं. चुकलं तर जिन्यावरून भांडी गडगडत आल्यासारखं होतं. भाऊचं चुकायचं नाही. पण त्याचं वाजवणं कसं, तर हमीच्या मुदतीतल्या दुरुस्तीसारखं. काम चोख, मजा शून्य.

ह्या लोकांची एक रीत आहे. एखादी रेकॉर्ड फारच लागली की माणसं तळहातांनी भिंत बडवतात. मग वाजवणारानं ती खर्रकन मागे ओढायची आणि पहिल्यापासून लावायची. याहून मोठा मान नाही. इतकी वर्षं वाजवून भाऊसाठी भिंत एकदाही वाजली नव्हती. तो म्हणायचा, "आपण टाळ्यांसाठी थोडंच वाजवतो?" असं म्हणणारा माणूस टाळ्यांसाठीच वाजवत असतो, हे मला भाषणं करून कळलंय.

दुसरी रीत त्याची स्वतःची. प्रत्येक रविवारचं रेकॉर्डिंग व्हायचं. खोलीचा आवाज यावा म्हणून एक माईक पाइपला टांगलेला. त्यातलं अक्षर कापायचं नाही. "लाइव्ह म्हणजे लाइव्ह. शिंक आली तर शिंकही राहील."

वहिनी, म्हणजे त्याची बायको, गणवेशांच्या कारखान्यात शिलाई मशीनवर. रविवारी त्याच्या मागे स्टुलावर बसायची आणि मागेल ती रेकॉर्ड पेटीतून काढून द्यायची. तिनं कधी वाजवायला हात लावला असेल, असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

त्या रविवारी भाऊचं पोट बिघडलं. वाजवता वाजवता त्यानं हेडफोन वहिनीच्या हातात कोंबला, म्हणाला, "संपत आली तर दुसरी लाव, काहीही लाव," आणि मागच्या दारानं पळाला. समोर स्पीकरांची चळत, पाठीमागे अंधार. वाजवणाऱ्याचं फार तर टाळकं दिसतं. वहिनी तर ठेंगणी, तिचं तेही दिसलं नसतं. मी जिन्यावर पत्रकं वाटत होते.

संडासाची कडी अडकली. जगाची मशीनं उघडणारा माणूस आत अडकला. तिथूनच त्यानं ऐकलं, की ड्रम एकदम सुटे झाले, बेस गायब झाला, आणि सगळी खोली श्वास धरून उभी राहिल्यावर तो खालून असा आला, की नळ थरथरला. मग धपाधप आवाज. त्याला वाटलं, मारामारी झाली. मग रेकॉर्ड खर्रकन मागे गेली आणि त्याला कळलं. भिंत वाजत होती.

कडी तोडून तो परतला. वहिनीनं हेडफोन त्याच्या गळ्यात घातला. "घ्या तुमचं." दिवे लागले तेव्हा स्पीकरांमागे तो उभा होता, घामानं निथळत. लोक तुटून पडले.

"भाऊ, आज खाल्लं होतंस तरी काय?"

तो म्हणाला, "काही नाही, असंच."

'असंच' म्हणाला, ही त्याची चूक. बाकी सगळं आपोआप झालं. मी रेकॉर्डिंग त्याच्या नावानं वेबवर टाकलं, ते दूरदूर गेलं. मशीन दुरुस्तीला बोलावणारे लोक चहा पाजून त्या मधल्या तुकड्याबद्दल विचारू लागले. तो मान खाली घालायचा. आम्ही म्हणायचो, किती हा विनय.

मग शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका छोट्या रेडिओ केंद्रानं बोलावलं. लाइव्ह वाजवा, रेकॉर्ड करू, आणि तो तुकडा पुन्हा करून दाखवा. भाऊ घरी आठवडाभर झटला. भांडी गडगडत राहिली. शेवटी त्यानं बायकोला विचारलं, "बेस कधी काढलास गं?"

"पाय सांगतो तेव्हा."

"कुणाचा पाय?"

"माझा. मशीन मी कुठल्या पायानं चालवते, तुम्ही बघितलंय कधी?"

बघितलं नव्हतं. ती रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती भाजी निवडत राहिली.

रेडिओवर आम्ही तिघं गेलो. पेटीची एक कडी वहिनीच्या हातात, दुसरी माझ्या. तिथला दाढीवाला निवेदक वहिनीला म्हणाला, "काकू, हा धांगडधिंगा तुम्हाला झेपतो का?"

"मी पेटी उचलायला आलेय," वहिनी म्हणाली.

भाऊ वायरी जोडत होता. जोडलेली वायर त्यानं काढून पुन्हा जोडली.

सुरुवात चोख झाली. मजा शून्य. मग ती जागा आली. त्यानं दुसरी रेकॉर्ड लावली, तिच्यावर हात ठेवला, आणि हात उचलेचना. पहिली संपली. सुई नुसती खरखरत राहिली. निवेदक काचेमागून हातवारे करू लागला. भाऊनं वळून वहिनीकडे बघितलं. ती पर्सची चेन बघत होती. मला तेव्हा काहीच ठाऊक नव्हतं; वाटलं, ही उठून त्याला पाणी तरी देईल. नाही उठली. का उठावं?

भाऊनं माईक ओढला. "ते मी वाजवलं नव्हतं. माझ्या बायकोनं वाजवलं. मी संडासात होतो."

निवेदक धावत आला. "कापू या हे, काका, काळजी नको."

भाऊ तोंड वर न करता म्हणाला, "लाइव्ह म्हणजे लाइव्ह."

परतीच्या बसमध्ये पेटी आमच्या पायांशी होती. मी मनातल्या मनात त्याचं कौतुक करत होते. आणि वहिनी फुटली.

"संडासात होतो, हे सांगायची काय गरज होती?"

"अगं, खरं तेच..."

"खरं सांगायला इतके दिवस होते. घरात सांगायचं होतं, तळघरात सांगायचं होतं. सांगितलंत कुठं, तर सगळ्या जगाला, आणि काय, तर तुमचं पोट! आता माझं वाजवणं कुणी ऐकलं, तर त्याला आधी तुमचा संडास दिसणार."

पुढच्या बाकावरची बाई वळून बघू लागली. भाऊच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मला रागही आला आणि हसूही, आणि हसू आल्याचा पुन्हा राग. मी म्हणाले, "वहिनी, आत्ताच्या आत्ता तुझं नाव लावते."

"नको. नाव लावायचं ते तेव्हा. आणि यांचंही काढू नका. राहू दे. कुणी विचारलं की हे सांगतील. आणि तळघरात मी आता यायची नाही."

ती शब्दाची पक्की. तळघरात पुन्हा आली नाही. भाऊनं विनवलं, स्टूल स्वतः पुसून ठेवलं, तरी नाही. रविवारी तो वाजवतो आणि रेकॉर्ड स्वतःच शोधतो.

परवा माझं वॉशिंग मशीन बिघडलं. शेजारीण डोकावली. "अहो, तुम्हीच ना ते? काय तो मधला तुकडा!"

भाऊ गुडघ्यांवर बसला होता. "तो मी नव्हे, माझी बायको."

"काय सांगता! मग तेव्हा तुम्ही कुठं होतात?"

त्यानं मशीनच्या पत्र्याला कान लावला, डोळे मिटले. गरजेपेक्षा बराच वेळ तो तसाच बसला. शेजारीण वाट बघत उभी.

"बेअरिंग गेलंय," तो म्हणाला.

मशीनची तर वायरही अजून लावलेली नव्हती.