पिकअपचा जड क्लच

आमची पिकअप दारात आली तेव्हा मुलगा शाळेत जायचा. तेव्हापासून तिच्या स्टेअरिंगवर माझ्याशिवाय कोणी बसलं असेल, तर माझ्या परवानगीने. घोडेगावच्या आसपासचा कांदा-बटाटा मी मंचरच्या मार्केटला नेला, पारगावच्या कारखान्यावर ऊसतोडीला आलेल्यांचे संसार हलवले, लग्नांचे मांडव वाहिले. दुसरं काही मला येत नाही आणि शिकायची गरजही पडली नाही.

वर्षभर मुलाने टुमणं लावलं होतं, "दादा, आता बास करा. गाडी मी चालवतो." डावा गुडघा दुखायचा हे खरं होतं. पण गाडी सोडली की मी कोण? पारावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला "काय पावणं, कुठं निघाला?" विचारणारे गावात आधीच सहाजण आहेत. त्यांच्यात सातवा व्हायची मला बिलकुल हौस नव्हती. मी दरवेळी त्याला झिडकारून लावलं.

उन्हाळ्यात क्लच घसरायला लागला. चढाला इंजिन नुसतं बोंबलायचं, गाडी पुढे सरकायची नाही, केबिनमध्ये जळका वास. पंधरा दिवस तसंच रेटलं आणि मग दोघं बापलेक गाडी घेऊन आळेफाट्याला आमच्या नेहमीच्या मिस्त्रीकडे गेलो. त्याने गिअरबॉक्स उतरवला आणि झिजून गुळगुळीत झालेली प्लेट माझ्यापुढे धरली.

"दादा, क्लचवर पाय ठिवूनच गाडी चालवता काय वो?"

"तू तुझं काम कर," मी म्हणालो. मुलगा गालात हसला. ते हसणं मला लागलं.

शेजारीच स्पेअर पार्टचं दुकान. शेठ मूळचे राजस्थानचे, पण जन्म इथलाच, बोलणं आमच्यासारखंच. त्यांनी काउंटरवर दोन खोकी ठेवली. एकात साधा क्लचसेट, गाडीत कंपनीकडून येतो तसा. दुसऱ्यात हेवी. त्याची प्रेशर प्लेट कडक, कितीही माल भरा, घसरणार नाही. पण पेडल दाबायला जड. माझ्या गाडीला साधा पुरेसा होता, हे मला पहिल्या नजरेत कळलं. मी ते खोकं हातात घेतलंही.

तेवढ्यात मुलगा बोलला. हळू नाही, चांगला खणखणीत. दुकानात शेठ होते, मिस्त्री होता, दोन ट्रक ड्रायव्हर होते.

"साधाच द्या शेठ. हेवी आमच्या दादांच्यानं दबायचा न्हाई. पाय थरथरतो त्यांचा."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. हातातलं खोकं काउंटरवर आपटलं.

"माझ्या पायाला काय धाड भरलीय? हेवीच द्या!"

"दादा, ऐका, लई जड ऱ्हातो तो."

"तू मला शिकवतो? तू रांगत व्हता तवापासून क्लच दाबतोय मी!"

ड्रायव्हर हसले, शेठ हसले. मुलाने मान खाली घातली. मी जिंकलो होतो. त्याचं पडलेलं तोंड बघून मला त्याची दयासुद्धा आली, म्हणून सगळ्यांना चहा मीच पाजला.

मोकळ्या रस्त्याला काही जाणवलं नाही. तिसऱ्या दिवशी कांदा भरून मंचरच्या चौकात अडकलो. दोन हात पुढे जायचं, थांबायचं, पुन्हा क्लच. अर्ध्या तासात मांडीपासून पाय लटलटायला लागला. शेवटी तो पेडलवरून निसटला, गाडीने उसळी घेतली आणि पुढच्या ट्रॉलीला धडकली. बंपरला पोचा आला, बाकी काही नाही. ट्रॉलीवाला उतरून आला, माझ्याकडे बघून त्याचा आवाज उतरला.

"बाबा, घरी बसा की राव आता."

तोवर रस्त्यात मला सगळे भाऊ म्हणायचे.

दुसऱ्या दिवशी मी मुलाला म्हणालो, "अंगात कणकण हाय, तू जा." तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी त्याने विचारलं नाही, किल्ली घेतली आणि गेला. पुन्हा साधा सेट बसवता आला असता. पण त्यासाठी माझ्याच्यानं हेवी दबत नाही, हे त्याच्या तोंडावर कबूल करावं लागलं असतं. मला ते जमलं नाही. दिवाळीपर्यंत मी पारावरचा सातवा झालो होतो.

दिवाळीनंतर पाहुण्यांकडे निघालो होतो. आळेफाट्याला एसटी बदलायची होती, वेळ होता, म्हणून दुकानात डोकावलो. शेठनी खुर्ची दिली.

"काय दादा, हेवी चालतोय ना नीट? तुमच्या गाडीला तो कोणी नेत नाय, मी ठेवतच नव्हतो. पोरानं आठ दिवस आधी फोन करून खास मागवायला लावला. म्हणला, तुमी दोन्ही समोर ठेवा, दादा तोच घेतील."

त्याने किल्ली हिसकावली असती तर मी भांडलो असतो, चार दिवस जेवलो नसतो, आणि कदाचित जिंकलोही असतो. त्याने ते केलंच नाही. माझ्याच तोंडाने मला गाडीतून उतरवलं आणि वर माझाच चहा प्यायला. मला सगळ्यात जास्त राग आला तो याचा, की त्याने मला इतकं बरोबर ओळखलं होतं.

शेठ उत्तराची वाट बघत होते.

"हां," मी म्हणालो, "मीच सांगितलं व्हतं त्याला मागवायला."