मेमरी कोणी धरून ठेवली

मशीन चालू असतानाच तिच्यातली मेमरी काढून घेता यावी, एवढंच आमच्या तुकोगंजच्या ऑफिसात कर्नेलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, शिकवायचं होतं. पण मेमरीचा एक तुकडा काही केल्या सुटेना. कुठला तरी कोड तो धरून बसला होता. कोणाचा, ते मी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं: शेजारच्या टेबलावरच्या, पुण्याहून नुकत्याच आलेल्या सहकाऱ्याचा. पुरावा नव्हता, पण पुणं होतं.

आठ दिवस मी त्याचा कोड उसवत बसलो आणि ओळीओळीला नावं ठेवली. शेवटी तोच बिचारा कचोऱ्या घेऊन आला आणि आमच्या इथल्यासारखं 'भैया'चं 'भिया' करत म्हणाला, "सॉरी भिया, माझ्यामुळे तुमचे आठ दिवस खराब झाले." मी मोठ्या मनाने त्याला माफ केलं, दोन कचोऱ्या खाल्ल्या आणि वर कोड कसा लिहावा यावर प्रवचनही झोडलं.

दुसऱ्या दिवशी खरा गुन्हेगार सापडला. मागे एकदा दुसरीच चूक शोधताना मीच टाकलेला आणि काढायचा विसरलेला कोड. तो काढला, मेमरी मुकाट सुटली.

"झालं ठीक," मी त्याला सांगितलं.

"थँक्यू भिया! परत नाही होणार असं."

"जाऊ दे," मी म्हणालो, "होतं कधीकधी."