गेलेला धूर

आखाडा बाळापुरात आमच्या शेजारी राहणारा तो माणूस कधी स्वस्थ बसायचा नाही. पंगतीत जेवतानाही रस्त्यानं गाडी गेली, की घास हातात तसाच ठेवून धुराचा वास घ्यायचा. त्याची स्वतःची जुनी मोटार काळा धूर ओकायची. धुराच्या तपासणीत साहेबांनी तिला दोनदा नापास केलं होतं, पण मिस्त्रीकडं न्यायला हा तयार नव्हता.

शेवटी तिसऱ्या तपासणीच्या आदल्या दिवशी दुपारी त्यानं प्लग, हवेची जाळी आणि पेट्रोल मोजून सोडणारी कार्बोरेटरची सुई, तिन्ही भाग नवे घातले. सायलेन्सरपुढं धरलेला रुमाल पांढराच राहिला.

"झालं की, भाऊ!" मी म्हणालो.

"काय झालं? तिघातलं बिघडलेलं कोन होतं? धूर काहून गेला तेच न्हाई कळलं, तर त्यो परत येईन की!"

आणि तो एकेक जुना भाग पुन्हा बसवू लागला. प्लग बसवले, जाळी बसवली, धूर नाही. जुनी सुई घातली आणि काळा लोट थेट माझ्या सदऱ्यावर आला.

"घावली!" तो ओरडला.

नवी सुई मात्र या गडबडीत मातीत कुठंतरी पडली होती. अंधार पडेपर्यंत आम्ही दोघं ती शोधत होतो. मी कावलो होतो. तो निवांत शीळ घालत होता.