भरताची हिंदी

माझा जुना मित्र नाना गेल्याचं मला आमच्या कंपू भागातल्या न्हाव्याकडे कळलं. अर्धी दाढी झाली होती. तो म्हणाला, "वो नाटकवाले नाना नहीं रहे, पता है? कल ही तो ले गए." मला माहीत नव्हतं. उरलेली दाढी मी मुकाट्यानं करून घेतली, कारण उठून जायचं तरी कुठं... सगळं आटोपलं होतं. आणि गंमत बघा, नानानं शेवटचं नाटक करून वीस वर्षं होत आली, पण गावासाठी तो नाटकवालाच राहिला. ते नाटक मी बंद पाडलं, हे त्या न्हाव्याला कुठून ठाऊक असणार.

दौलतगंजातल्या आमच्या राममंदिरात दर रामनवमीला, जन्माचा सोहळा झाला की दुपारी नानानं लिहिलेलं भरतभेटीचं नाटक व्हायचं. भरत तोच. आमच्याकडे पद्धत अशी, की नाटकातल्या पादुका खोट्या नसत. गाभाऱ्यातल्या, रोजच्या पूजेतल्या पादुका पुजारी काढून देत, आणि नाटक संपलं की भरतानं त्या डोक्यावरून परत न्यायच्या. त्यासाठी नाना पाडव्यापासून एकभुक्त राहायचा, अनवाणी फिरायचा. कचेरीतसुद्धा चप्पल नाही. साहेब हसायचे. नाना मला म्हणायचा, "बाळ्या, पादुका डोक्यावर घेतल्या ना, की मान भरून येते. वर कुणीतरी उभं असतं." मी चेष्टा करायचो. एकदा विंगेतून त्याचा चेहरा पाहिला, आणि मग चेष्टा केली नाही.

पुढे संस्थान गेलं, मध्यभारत झाला, तोही मध्यप्रदेशात विरला. कचेऱ्या भोपाळला हलल्या आणि त्यांच्यामागे आमची निम्मी आळी गेली. मंडपात मराठी माणसं पुढच्या दोन रांगांपुरती उरली. मागे सगळे हिंदी बोलणारे, प्रसादासाठी थांबलेले. मी मंदिराचा चिटणीस. नाटक हिंदीत केलं तरच टिकेल, असं मला मनापासून वाटलं. भाषांतरही मीच केलं. नाना नको नको म्हणत होता. मी म्हटलं, "का रे, तुझ्या रामाला हिंदी येत नाही?" त्यावर तो पाठांतराला बसला. लागेल असं बोललो होतो मी, आणि ते मला तेव्हाही कळत होतं.

नानानं एक शब्द चुकवला नाही. मागच्या बायका पदर डोळ्यांना लावून रडल्या. पडदा पडल्यावर मी आनंदानं विंगेत गेलो, तर त्यानं पादुका माझ्या हातात दिल्या. "तू ने. लोक रडले, बाळ्या. मी एकटाच होतो... आज नुसतं लाकूड होतं." मी म्हटलं, पुढच्या वर्षी परत मराठीत करू. तो म्हणाला, "आता मराठीतही भीती वाटेल." त्यानंतर तो मंदिराची पायरी चढला नाही. रस्त्यात भेटला की बोलायचा, मुलांचं, तब्येतीचं. त्या दुपारचं कधीच नाही. मीही काढलं नाही. हिंमत झाली नाही.

तेराव्यानंतर जयेंद्रगंजात त्याच्या घरी गेलो. त्याची सून सरोज भिंडकडची, हिंदी बोलणाऱ्या घरातली, शाळेत शिकवते. चहा ठेवता ठेवता तिनं जे सांगितलं, ते मला ठाऊकच नव्हतं. ती पोळ्या लाटत असताना नाना रोज सकाळी तिच्यासमोर उभा राहून भरताचं भाषण म्हणायचा. हिंदीतलं, मी केलेलं. संपलं की विचारायचा, "आज आले का गं?" राम आले का, असं. ती म्हणायची, "आले, बाबा." लग्न होऊन आल्यापासून सोळा वर्षं, रोज. शेवटच्या सकाळी तिला शाळेला उशीर होत होता. "कल बताऊँगी, बाबा," म्हणून ती निघाली...

"मला तर कधी काही कळायचं नाही, काका," ती म्हणाली. "आप तो उनको नाटक के ज़माने से जानते थे. सच बताइए, आते थे क्या?"

मी कप खाली ठेवला.

"यायचे," मी म्हणालो. ती सोळा वर्षं म्हणत आली होती, तसंच.