गिल्बर्ट नाव नको

एल्स्पेट रन्सीचे वरचे सगळे दात खोटे होते, हे पोर्टलेनीत, आमच्या मासेमारीच्या गावात, सगळ्यांना ठाऊक होतं. ते कसे गेले हेही ठाऊक होतं. पण कुणी परक्यानं विचारलं, की लोक म्हणायचे, "बंदराच्या पायऱ्यांवरून पडली बिचारी." आमच्या गावात बायका फार पडतात. त्या पायऱ्या तीनदा दुरुस्त झाल्या, तरी पडतात.

मी नेटा. जन्म, लग्नं आणि मृत्यू लिहून घेणाऱ्या कार्यालयात मी सदतीस वर्षं बसले. सगळं गाव माझ्यासमोर येऊन खरं सांगतं आणि खोटंही सांगतं, आणि मी दोन्ही एकाच शाईनं लिहिते.

एल्स्पेट पंधराव्या वर्षी हेरिंग मासे साफ करायच्या कामाला लागली. बोटांना चिंध्या गुंडाळून, खाऱ्या पाण्यात उभी राहून ती मिनिटाला साठ मासे फाडायची. सुरी दिसायचीच नाही, नुसती आतडी पिंपात पडताना दिसायची. अशा हाताच्या बाईला नवऱ्यानं छत्तीस वर्षं बडवलं आणि तिनं एकदाही ती सुरी उचलली नाही. मला याचा आजही राग येतो. तिचा नाही, आमचा सगळ्यांचा.

नवरा गिल्बर्ट मेअर; आमच्याकडे बायका लग्नानंतरही माहेरचंच आडनाव लावतात. पहिला मार लग्नानंतर नवव्या दिवशी, ओल्या दोरानं. चहा पातळ झाला होता. १९६२ च्या मार्चमध्ये दोघं मुलाची नोंद करायला आले, तेव्हा तिचा जबडा तारेनं बांधलेला होता. किटलीनं मारलं होतं, भरलेल्या. "बायको बोलायची नाही हां," गिल्बर्ट म्हणाला. "दात दुखतोय तिचा. घरात कधी नव्हे ती शांतता आहे!" तो हसला. मीही हसले. हे मी मुद्दाम लिहितेय. मी हसले, आणि मुलाला दिलेलं गिल्बर्टच्या बापाचं नाव, विल्यम, सुबक अक्षरात लिहून खाली सही केली.

आणि हाच माणूस गावाचा लाडका. जीवरक्षक नौकेवर तो सगळ्यांच्या पुढे असायचा. १९७१ च्या वादळात त्यानं बुडत्या बोटीवरून सात माणसं ओढून काढली. गावानं त्याला खांद्यावर घेऊन बंदरापासून घरापर्यंत नेलं, आणि नऊ वर्षांचा विल्यम बापाच्या मांडीवर बसून सगळ्यांना हात करत होता. दार लागलं, आणि सूप गार झालंय म्हणून गिल्बर्टनं चुलीपुढची लोखंडी सळई घेतली. तिच्या गळ्याजवळचं हाड दोन ठिकाणी मोडलं. रस्त्यात लोक अजून त्याच्या नावानं ओरडत होते, म्हणून तिचं ओरडणं कुणाला ऐकू गेलं नाही. विल्यमला त्या दिवसातलं फक्त खांद्यावरून फिरणं आठवतं, असं तो म्हणतो.

१९९६ ला गिल्बर्ट झोपेत गेला, अगदी सुखानं. निम्मं गाव रडलं. पुढच्या फेब्रुवारीत विल्यमची बायको लॉर्ना बाळंत झाली. मुलगा. तिसऱ्या दिवशी एल्स्पेट माझ्या दारात.

"नेटा, मेअरांची जुनी पानं काढ."

"काय गं, वंशवृक्ष काढून भिंतीला टांगणार?"

"विल्यमला टांगायचाय. बारशाला. सगळे गिल्बर्ट एका रांगेत हवेत त्याला." तिनं डोक्याचा रुमाल सोडला. "मला दुसरंच हवंय. हे नाव एकदा तरी कुणी टाळलंय का, ते बघायचंय. एकानं टाळलं असेल, तर मलाही तोंड उघडता येईल."

"आणि नसेल टाळलं तर?"

"तर त्या लेकराला हाक मारताना मी रोज त्यालाच हाक मारणार. सुटले म्हणाले होते गं मी."

आमच्याकडे पहिला मुलगा बापाच्या बापाच्या नावाचा, दुसरा आईच्या बापाच्या. यात आवडनिवडीचा प्रश्नच नसतो. मूल मेलं तर तेच नाव पुढच्याला देतात. रीत मोडणं म्हणजे मेलेल्याच्या तोंडावर थुंकणं. आणि कायद्यानं जन्माची नोंद एकवीस दिवसांत करावी लागते. तीन दिवस गेलेच होते.

मागच्या खोलीत जुन्या चर्चच्या वह्यांच्या फिल्म आहेत, यंत्राच्या पडद्यावर मोठ्या करून वाचायच्या. एल्स्पेट रोज नऊला यायची, यंत्राची मूठ फिरवत बसायची आणि फिरवता फिरवता मला सांगायची: किटली, दोर, सळई, उकळत्या लापशीत धरलेला हात. हवापाण्याच्या गप्पा मारतात तशा आवाजात. मी ऐकून घ्यायचे आणि चहा करायचे. दुसरं काय करणार होते? करायचं तेव्हा केलं नव्हतं.

मेअरांचा पहिला गिल्बर्ट आम्हाला १७८० च्या सुमाराला सापडला. हा घराण्याचा देव. यानं वादळातून अख्खी बोट परत आणली होती, ती कथा गावात अजून सांगतात. त्याचा मुलगा विल्यम, विल्यमची बायको क्रिस्टियन स्लेटर. तेव्हा हे बायकांचं नाव होतं. १८२९ मध्ये त्यांच्या पहिल्या मुलाचा बाप्तिस्मा झाला. नाव: जॉन.

एल्स्पेटचं बोट पडद्यावर थांबलं. "जॉन."

"लगेच हुरळू नकोस," मी म्हणाले. मी मोठी जाणकार ना! "क्रिस्टियनच्या बापाचं नाव जॉन होतं. म्हणजे हा दुसरा मुलगा. आधी एक गिल्बर्ट जन्मून मेला असणार आणि त्याची नोंद राहिली असणार. त्याचं दफन शोधू."

त्या मेलेल्या पोराच्या शोधात आम्ही आठ दिवस घालवले. शेजारच्या तीन गावांच्या वह्या, शवपेटीवर घालायचं चर्चचं काळं कापड कुणी कधी नेलं त्याच्या याद्या, सगळं उपसलं. आमच्या माणसांची चूक ही अशी असते. पोर मेलं असेल हे आम्हाला लगेच पटतं. रीत मोडली असेल हे डोक्यातच येत नाही.

एकोणिसाव्या दिवशी एल्स्पेटनं मूठ सोडली. "नेटा, हे पोर सापडत नाही, कारण ते झालंच नाही. दुसरीकडे बघ."

"कुठे?"

"बाईनं रीत मोडली तर तिला कुठे उभं करायचे?"

मी कपाळावर हात मारला. चर्चच्या पंचांच्या बैठकीची वही! कोण रविवारी दारू प्यालं, कुणाचं पोट लग्नाआधी वाढलं, सगळं त्यात. १८२९ चा एप्रिल काढला. नोंद अशी होती:

क्रिस्टियन स्लेटर हिला पंचांपुढे बोलावलं. पहिल्या मुलाला सासऱ्याचं नाव द्यायला ती तयार नाही. कारण विचारलं. ती म्हणाली, सासू मार्जरी हिच्या प्रेताला आंघोळ मी घातली. बरगड्या जागेवर नव्हत्या. डोक्याच्या मागे हात लावला तर हाड आत गेलं. लोक म्हणतात ती पायऱ्यांवरून पडली. ज्या हातानं हे केलं, त्याचं नाव मी माझ्या मुलाला देणार नाही.

पंचांनी ठरवलं की ही शूर माणसाची बदनामी आहे. तीन रविवार सगळ्या गावासमोर पश्चात्तापाच्या तिवईवर बसायची शिक्षा. पहिल्या रविवारी बसली, मागे हटली नाही. दुसऱ्या रविवारी बसली. तिसऱ्या रविवारची ओळ माझ्या लक्षात कायमची आहे: "तोंड फुटलेलं व एक डोळा मिटलेला अशा अवस्थेत आली, बसली, व विचारलं असता जॉन म्हणाली."

"तोंड कुणी फोडलं, लिहिलंय का?" एल्स्पेटनं विचारलं.

"नाही."

"लिहायला कशाला हवं!" ती म्हणाली, आणि टेबलावर डोकं टेकून रडली. छत्तीस वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. क्रिस्टियन मेल्यावर तिच्या नातवानं आपल्या मुलासाठी गिल्बर्ट हे नाव परत आणलं होतं. तोवर लोकांना फक्त वादळ आठवत होतं.

एकविसाव्या दिवशी विल्यम आला, नव्या कोटात, बापासारखाच रुंद. मागे पोराला घेऊन लॉर्ना, गळ्यापर्यंत बंद लोकरी स्वेटर घातलेली. एल्स्पेट आधीच येऊन बसली होती.

"लिही नेटा, गिल्बर्ट," विल्यम म्हणाला. "आणि चांगल्या अक्षरात. फ्रेम करायचीय."

"थांब," एल्स्पेट म्हणाली. तिनं वहीची नक्कल टेबलावर ठेवली. त्यानं वाचली आणि हसला.

"दोनशे वर्षांपूर्वीच्या कुठल्या तरी कजाग बाईची बडबड. आई, बाबांनी सात माणसं वाचवली!"

"वाचवली. आणि त्याच दिवशी माझं हाड मोडलं. तू खोलीत होतास."

"पडली होतीस तू."

एल्स्पेटनं तोंडात बोटं घातली, दातांची कवळी काढली आणि नकलेवर ठेवली. तिचं तोंड आत बसलं. "चोवीस वर्षांची होते मी," ती म्हणाली. "तू पाळण्यात होतास. किटलीनं पाडले. त्याचं नाव मी ह्या पोराला लागू देणार नाही."

विल्यमनं मूठ वळली आणि आईच्या तोंडावर मारली. नोंदणी कार्यालयात, सकाळी साडेदहाला. ती खुर्चीसकट मागे गेली. कवळी फरशीवर पडून दुभंगली. तो वाकला, तिचे केस मुठीत धरले आणि डोकं टेबलाच्या कडेवर आपटलं. एकदा. दुसऱ्यांदा आपटणार तोवर मी शिक्का मारायचं लोखंडी यंत्र दोन्ही हातांनी उचलून त्याच्या हातावर घातलं. हाडं मोडल्याचा आवाज आला. मला काडीचंही वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही. पस्तीस वर्षं उशीर झाला, एवढंच वाटतं.

शेजारच्या दुकानातले दोघं धावत आले आणि त्यांनी त्याला दाबून धरलं. पोलीस घेऊन गेले तेव्हा तो जिवाच्या आकांतानं ओरडत होता, "ती पडली! विचारा सगळ्यांना, ती पडली!"

लॉर्ना जागची हलली नव्हती. पोर तिच्या छातीशी गाढ झोपलेलं. ती उठली, एल्स्पेटशेजारी जमिनीवर बसली आणि स्वेटरची बाही कोपरापर्यंत वर केली. पिवळे, हिरवे, काळे, सगळ्या वयाचे डाग होते.

"आई, सहा वर्षं झाली मला ह्या घरात," ती म्हणाली. "लग्नाआधी एका शब्दानं का नाही सांगितलंत?"

एल्स्पेटच्या हनुवटीवरून रक्त गळत होतं. कपाळ फुटलं होतं. तिनं त्या हाताकडे पाहिलं.

"मला वाटलं, तो माझ्यावर गेलाय," ती म्हणाली.

मी तिच्या कपाळाला माझा रुमाल बांधला. मग लॉर्ना उठून टेबलाशी आली. "आज शेवटचा दिवस ना? लिहा."

"काय लिहू?"

"त्या तिवईवरच्या बाईचं. आता मुलांनाही देतात ते नाव."

मी लिहिलं: क्रिस्टियन जॉन मेअर. माहिती देणारी, आई. लॉर्नानं डाव्या हातानं पोर सावरत सही केली. मी माझी केली. पस्तीस वर्षांपूर्वीची वही मागच्या फडताळात होती, तिच्यातही माझीच सही आहे.

"वाच," एल्स्पेट जमिनीवरून म्हणाली. मी वाचून दाखवलं. लॉर्नानं पोर तिच्या मांडीवर दिलं. त्या एकवीस दिवसांत एल्स्पेट त्याला नुसतं "ए सोन्या" म्हणत आली होती. तिनं रक्त पुसलं, आणि दात नसलेल्या तोंडानं त्याला नावानं हाक मारली.